घरगुती उपायांची मुदत



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या नावांखाली नेहमी एखादी ओळ जास्तीची असायची. पेज द्या, पाणी उकळून द्या, दोन दिवसांत उतार नाही पडला तर परत आणा. मुलुंडमधल्या कितीतरी घरांनी त्या ओळी वाचल्या आहेत. आजचं माझं बोलणं त्या ओळींबद्दल आहे.

घरगुती उपाय खरे की खोटे, हा वाद आपल्याकडे फार रंगतो. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात आणि सर्दी आपली सात दिवसांत बरी होते. औषधशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. घरातली आले-हळद मी आजही वापरतो आणि औषधाच्या दुकानातही जातो. माझं म्हणणं साधं आहे. उपाय कोणाला द्यायचा, किती द्यायचा, किती दिवस द्यायचा आणि कधी थांबून डॉक्टर गाठायचा, या चार गोष्टी सोबत आल्या तरच तो उपाय होतो. जुन्या घरात या चारही गोष्टी कोणा ना कोणाला ठाऊक असत. आपल्यापर्यंत वनस्पतींची नावं पोहोचली, या चार गोष्टी वाटेत गळाल्या. आपलं नुकसान होतंय ते या गळतीमुळे.

उदाहरण म्हणून बाळगुटी घेऊ. इथल्या आज्यांना मी नवीन काही सांगत नाही, पण नातवंडांनी ती कदाचित डोळ्यांनी पाहिलेली नसेल. सहाण स्वच्छ धुऊन घ्यायची, तिच्यावर आईच्या दुधाचे चार थेंब घालायचे. शेजारी गुटीचा डबा. त्यात वेखंड, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, मुरडशेंग, अतिविष, काकडशिंगी, मायफळ, जायफळ, बदाम, खारीक. एकेक जिन्नस बोटात धरून सहाणेवर गोल फिरवायचा आणि वेढे मोजायचे. खारीक-बदामाचे वेढे बाळाच्या वयाबरोबर वाढवत न्यायचे. जायफळाचा एखादाच, तोही हलक्या हाताने, कारण जायफळ जास्त झालं तर मूल गुंगून पडतं हे त्या बाईला पक्कं माहीत असे. शी पातळ झाली तर त्या दिवशी हिरडा डब्यातच राहायचा आणि मायफळाचा वेढा वाढायचा. खडा झाला तर उलट. पोट ताठ लागलं तर आणखी वेगळा हिशेब.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती मोजणी, आणि मोजण्याआधीचं पाहणं. रोज सकाळी कोणीतरी त्या बाळाची शी बघत होतं, पोट चाचपत होतं, रात्री झोप किती झाली हे विचारत होतं, आणि त्यावरून आजची मात्रा ठरवत होतं. चांगला बालरोगतज्ज्ञ वेगळं काय करतो?

आणि तरीही आज माझ्या घरात तान्हं मूल असतं तर मी गुटी देऊ दिली नसती. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं भरपूर पुराव्यावर उभं आहे. सहाण, बोट आणि वर्षभर डब्यात पडलेली मुळी, तिन्हींवरून जंतू पोटात जातात. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. त्याने प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचं आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. बाटलीत तयार मिळणाऱ्या गुटीत तर वेढेही नाहीत आणि पाहणंही नाही. तेव्हा गुटी बंद करावी, पण तिच्यासाठी जे रोजचं पाहणं होतं ते चालू ठेवावं. गुटी सोडताना बहुतेक घरांनी तेही सोडून दिलं, याची मला हळहळ वाटते.

या विषयावर मुलुंडमध्ये बोलण्याचं मला अप्रूप आहे, त्याला एक कारण आहे. या उपनगराच्या पश्चिमेला डोंगर आणि जंगल आहे. पावसाळ्यात मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या स्थानकांबाहेर आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, शेवळं, गुळवेल, अडुळशाची पानं घेऊन बसतात. आणि जंगलापासून थोड्याच अंतरावर, लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून, औषधांचे कारखाने उभे राहिले. झाडपाला आणि औषधनिर्मिती इतक्या जवळ नांदलेली ठिकाणं देशात थोडी असतील.

इथेच होक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाळणी करण्याचं काम तिथे चाले. मुळी आणायची, अर्क काढायचा, हृदयावर, रक्तदाबावर त्याचा काय परिणाम होतो ते प्राण्यांवर तपासायचं. सत्तरच्या दशकात या चाळणीत कोलिअस गटातल्या एका वनस्पतीच्या मुळांतून एक द्रव्य हाती आलं. त्याचं नाव फोर्सकोलिन. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम चालू होतं. ही वनस्पती म्हणजे कोण? घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत जिच्या मुळांचं लोणचं घालतात ती गरमर. पुढे १९८१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की फोर्सकोलिन पेशीमधल्या ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट जागं करतं. त्यानंतर ते जगभरच्या प्रयोगशाळांचं रोजचं साधन झालं. पेशीच्या आतले निरोप कसे जातात हे समजून घेण्याच्या कामात मुलुंडच्या या मुळीचा वाटा आहे. फोर्सकोलिनमध्ये थोडा बदल करून जपानात हृदयाच्या औषधापर्यंतही मजल गेली.

पण गरमरचं लोणचं खाऊन कोणाचा रक्तदाब उतरत नाही. उलट, लोणच्यातल्या मिठाने चढेल. मुळीत गुण आहे, पण तो किती आहे, पोटातून रक्तात किती पोहोचतो, किती वेळ टिकतो, हे सगळं त्या गुणाइतकंच महत्त्वाचं. कुठलीशी वनस्पती ‘रक्तदाबावर रामबाण’ म्हणून कोणी सांगितली की मला हे लोणचं आठवतं.

अडुळशाची गोष्ट तर आणखी घरची आहे. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला अडुळसा असायचा. पानं वाफवून रस काढायचा, मधातून द्यायचा. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य आहे. त्याच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून पुढे ॲम्ब्रोक्सोल. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावं तुम्ही वाचली असतील. म्हणजे आजी चुकत नव्हती. पण त्याच व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा नको, हेही तितकंच खरं आहे. कुंपणातून पानं तोडून आणणाऱ्या आजच्या माणसाला ही दुसरी गोष्ट कोण सांगणार?

मुंबईला या परंपरेचा अभिमान वाटावा असं आणखी एक नाव आहे : डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडाच्या झटक्यांवर, निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि मग, हजारो लोक रेसरपिन घेऊ लागल्यावर दिसलं की मात्रा जास्त झाली तर काही रुग्णांना खोल उदासी घेरते. रुग्ण मोजले, नोंदले, पुन्हा तपासले म्हणूनच हा दुष्परिणाम समोर आला. याच सिबाने १९६३ साली गोरेगावला संशोधन केंद्र उघडलं. तिथे काम केलेले डॉ. अशोक वैद्य पुढे विलेपार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या संशोधन केंद्रात आले आणि त्यांनी एक उलटा क्रम मांडला : ज्या वनस्पतीचा अनुभव माणसांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिचा अभ्यास आधी रुग्णांमध्येच काळजीपूर्वक नोंदी ठेवून करा, मग प्रयोगशाळेत जाऊन कारण शोधा. मला हा रस्ता फार सुज्ञ वाटतो. परंपरेला तो मान देतो आणि तिची परीक्षाही घेतो.

हळदीच्या पेटंटची हकीकत तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून लांबवत नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे ठेवून आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपण पेढे वाटले, ते योग्यच झालं. मात्र त्या निकालात ठरलं ते एवढंच की हळदीचा हा वापर नवा नाही. हळदीने जखम भरते की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. आज अनेकजण त्या निकालाचा दाखला देऊन हळदीच्या गोळ्या विकतात. त्या गोळ्यांत कर्क्युमिन एकवटलेलं असतं, आणि ते रक्तात चांगलं उतरावं म्हणून मिऱ्यातलं पिपरिन मिसळलेलं असतं. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि या गोळ्या वेगळ्या.

आता मी २०२० सालाकडे येतो, कारण गळालेल्या मुदतीची किंमत तिथे सर्वांत स्पष्ट दिसली.

त्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी काढा सुचवला. तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी, मनुका. दिवसातून एकदा किंवा दोनदा. या यादीत भीतीचं काही नाही. पण तुम्हीच आठवून पाहा, आपल्या इमारतींमध्ये काय झालं. कोणी त्यात लवंग वाढवली, कोणी गुळवेल, कोणी ज्येष्ठमध. दोनदाचं चारदा झालं. आठवड्याचं सहा महिने झालं. लोकांच्या तोंडाला फोड आले, पोटात आग पडली, आणि आग पडते म्हणजे काढा ‘काम करतोय’ अशी समजूत झाली. रक्तदाबाचे रुग्ण रोज ज्येष्ठमध घेऊ लागले. ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेला तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब वाढतो.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत, जसलोक रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेत असलेले आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलेलं नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं. हरकत पूर्णपणे उडवून लावण्याजोगी नव्हती. गुळवेलीच्या कुळात दिसायला जवळच्या वेली आहेत. पण २०२२ साली देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि यकृताची तीच इजा त्यांत दिसली. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तशी. थायरॉइडचे वा तशा प्रकारचे आजार ज्यांना आधीपासून होते, त्यांना धोका जास्त. गुळवेल बंद केल्यावर बहुतेक सावरले, सगळे नाही.

गुळवेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. तापातून उठलेल्या माणसाला वैद्य गुळवेल देत आले आहेत. पण वैद्य नाडी बघून देतात, काही दिवस देतात आणि मग थांबवतात. निरोगी माणसाने, भीतीपोटी, महिनोन्‌महिने, कोणालाही न विचारता घ्यायची ती गोष्ट कधीच नव्हती. ही मुदत कोणत्याही ग्रंथाने काढून टाकलेली नाही. ती आपण मोबाइलवरून पुढे पाठवताना काढून टाकली.

पावसाळा चालू आहे, तेव्हा तापाबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत मुंबईत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो, तिन्ही एकदम असतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची साथ आली होती, ती इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलात, पायाला जखम असेल, तर महापालिका प्रतिबंधक गोळी घ्यायला सांगते; जवळच्या दवाखान्यात जाऊन ती घ्या. तिथे हळदीचं दूध पुरत नाही.

डेंग्यूचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घरातली माणसंच रुग्णाला वाचवतात. ऑगस्टमध्ये पपईच्या पानांचा भाव वाढतो. पानं वाटून कडू रस रुग्णाला पाजतात, रुग्ण तो ओकतो, पुन्हा पाजतात. का, तर प्लेटलेट वाढाव्यात. पपईच्या पानांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि काहींत प्लेटलेट जरा लवकर वाढल्याचं दिसलं. पण डेंग्यूत सहाव्या-सातव्या दिवसानंतर प्लेटलेट बहुतेकांच्या आपणहून वाढतात, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवणं अवघड आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की डेंग्यूत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याने. रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. आणि हे होतं कधी? ताप उतरल्यावर. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात, पपईच्या रसाला धन्यवाद देतात. नेमके तेच २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, रुग्ण सुस्त होणं किंवा विनाकारण चिडचिड करणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल सोडून अंगदुखीची दुसरी गोळी द्यायची नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मग घरात काय करायचं? पाजायचं. भाताची पेज मीठ घालून, लिंबाचं सरबत मीठ-साखर घालून, शहाळं, ताक, डाळीचं पाणी. घोट घोट, दिवसभर. आणि लघवी किती वेळा झाली हे मोजायचं. दर चार-सहा तासांनी लघवी होतेय, तर पोटात जाणारं पाणी पुरतंय. या उपायाला कडू चव नाही, म्हणून तो औषध वाटत नाही. पण साध्या डेंग्यूत घरी करण्यासारखा याहून मोठा इलाज वैद्यकालाही माहीत नाही.

पेज आणि मीठ-साखर-पाणी यांची ताकद जगाला दिसली ती १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, जमिनीवर रुग्ण इतके की पाय ठेवायला जागा नाही. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाकिटं करवली, ती पिण्याच्या पाण्यात पिंपांत विरघळवली आणि नातेवाइकांना सांगितलं, पेल्यापेल्याने पाजा. इतर ठिकाणी ज्या आजाराने ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावत होते, तिथे त्यांच्याकडे मृत्यूचं प्रमाण चारच्या आत आलं. आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना मिठातलं सोडियम सोबत घेऊन जातं आणि त्याच्यामागोमाग पाणी शिरतं, हे शास्त्र आधी कळलेलं होतं. आया-बहिणींच्या हातात ते सुरक्षित आहे, हे बनगावने सिद्ध केलं. महालनबीस २०२२ साली गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते गेल्या शतकातला सर्वांत मोठा घरगुती उपाय हाच.

तो करण्याचं माप इथेच सांगतो, लिहून घ्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचं काढून टाकलेला. अंदाजाने करू नका. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला घातक ठरतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दुकानात पाकीट मिळत असेल तर तेच आणा, आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. फळांच्या चवीची गोड पेयं त्याच फळीवर ठेवलेली असतात, त्यांत साखर फार असते. जुलाब झालेल्या मुलांना डॉक्टर दहा ते चौदा दिवस झिंक देतात, तेही पूर्ण करा.

बाकीचे नेहमीचे उपाय भराभर सांगतो. मुलांच्या खोकल्यावर झोपताना चमचाभर मध : याला चांगला पुरावा आहे, इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शनातही तो आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवायचासुद्धा नाही, कारण मधातल्या काही बीजाणूंमुळे त्या वयात अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो. दाढदुखीवर लवंग : लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, त्यांच्या दवाखान्याचा वास आठवा. पण लवंग दुखणं थांबवते, कीड थांबवत नाही. बद्धकोष्ठावर इसबगोल उत्तम, मोठा पेला पाण्याबरोबरच. मळमळीवर आलं उपयोगी. घसा खवखवला तर मिठाच्या गुळण्या.

वाफेबद्दल थोडं थांबतो. तिने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आजार लवकर बरा होत नाही. आपल्या लहान घरांत, खाली पातेलं, वर टॉवेल आणि शेजारी खेळणारं मूल, अशा मांडणीत भाजण्याचे अपघात होतात. लहान मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका. आणि कापूर! ओवाफूल, पुदिनाफूल आणि कापूर या तीन कोरड्या वस्तू एका बाटलीत घालून हलवल्या की काही मिनिटांत आपोआप तेल होतं. अमृतधारा म्हणून ते घराघरात असतं. मोठ्यांना थेंबभर ठीक. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. निलगिरीच्या तेलाचंही तसंच. या दोन बाटल्या देव्हाऱ्यात किंवा पलंगाशेजारी न ठेवता कुलपात ठेवा.

स्वयंपाकघरात भाजलं तर हळद, टूथपेस्ट, शाई, काही नको. नळाखाली वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. बर्फही नको.

एका तक्रारीला मात्र घरी कुठलाच उपाय नाही, आणि तिथेच आपण सर्वांत जास्त उपाय करतो. पन्नाशीचा माणूस, लोकलमधून उतरलेला, छातीत जडपणा, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ. घरात एकच शब्द निघतो : गॅस. ओवा चावतो, सोडा पितो, कोणी पाठीवर तेल चोळतं, आणि दोन तास जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नसताना ते दोन तास परत मिळत नाहीत. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत कळ न येता नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. अशा वेळी ओव्याने बरं वाटलं तरी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायचाच. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे असं होत नाही.

काविळीचंही सांगायला हवं. पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे अ आणि ई प्रकारची, बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते. तेवढ्यात उपाय म्हणून गळ्यात घातलेली माळही लांब होत जाते आणि माळ देणाऱ्याचं नाव होतं. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर मात्र ती जिवावर बेतू शकते, आणि तिच्या गळ्यात माळ घालून वाट बघणं म्हणजे दोन जिवांशी खेळणं. हे मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

आता दोन मागण्या. पहिली घरच्या मंडळींना. तुमच्या घरात कोणी वडीलधारी व्यक्ती उपाय सांगत असेल तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. नुसतं ‘खोकल्यावर अडुळसा’ असं लिहू नका. विचारा : पानं किती? कोवळी की जून? कितव्या वर्षापासून देता? किती दिवस? कोणाला देत नाही? आणि उतार नाही पडला तर तुम्ही काय करायच्या? या शेवटच्या प्रश्नाला जुन्या बायका फार छान उत्तरं देतात, कारण त्यांनी वाट पाहण्याचे परिणाम पाहिलेले असतात. स्थानकाबाहेर भाजी घेताना त्या आदिवासी बाईलाही विचारा. कुठलं पान कितपत उकळायचं, कुठल्या महिन्यानंतर खायचं नाही, हे ती सांगते. घाईत असलेलं गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. त्या वहीतल्या गोष्टी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. काही ते खोडतील, काही ठेवतील.

दुसरी मागणी या सभागृहातल्या डॉक्टरांना, आणि महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त बसणाऱ्या तरुण डॉक्टरांना. तुमच्यासमोर रांग असते, वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तरीही प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारा : घरी काय काय घेतलंत? काढा, चूर्ण, रस, गोळी, मालिश, सगळं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस रोज लसणाच्या पाकळ्या गिळत असेल, मधुमेहाची गोळी घेणारा कारल्याचा रस पीत असेल, तर हे तुम्हाला कळायलाच हवं. आणि विचारताना आवाज चढवू नका. एकदा ओरडा बसला की पुढच्या खेपेला ती बाई काढ्याचं नाव काढणार नाही, आणि तिचे डोळे पिवळे का झाले हे शोधण्यात तुमचे दोन आठवडे जातील.